कण्याचा बाक आणि धातूचा धर्म

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान. संपादक मंडळाच्या विनंतीवरून स्मरणिकेसाठी लिहून काढले.)



या मेळाव्यात आजवर ज्या वक्त्यांनी आपणांस संबोधिले, त्यांत कोणी इतिहाससंशोधक होते, कोणी शिक्षणतज्ज्ञ, तर कोणी व्यापारउदिमात नाव काढलेले. यंदा चालकांनी हा मान आम्हांस दिला, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आम्ही वैद्य नव्हे. यंत्रविद्या शिकून, पाठीच्या कण्यात बसवावयाच्या धातूच्या साधनांचे आरेखन करणे हा आमचा व्यवसाय. तेव्हा औषधोपचाराच्या बाबतीत आम्ही अधिकार सांगत नाही. परंतु ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तांब्याला मठार देऊन हंडे, घागरी आणि बंब घडविले, त्या समाजासमोर धातूविषयी बोलताना वक्त्याची एक मोठी सोय होते. धातू ठोकला म्हणजे कठीण होतो, भट्टीत लाल केला म्हणजे मऊ पडतो, आणि वाकविलेला पत्रा हात सोडताच थोडा मागे सरतो, या गोष्टी आपणांस शिकवाव्या लागत नाहीत. हेच ज्ञान मनुष्याच्या पाठीत कसे उपयोगी पडते, आणि ते न जुमानल्यास काय होते, हा आजचा विषय आहे.

आपल्या भाषेत ताठ कण्याला मोठा मान आहे. स्वाभिमानी माणसाचा कणा ताठ, लाचाराचा वाकलेला, असे आपण सहज बोलून जातो. पोरे अभ्यासाला बसली की घरातील वडील मंडळी ‘पाठ सरळ ठेव’ म्हणून बजावतात. नीतीच्या प्रांतात हे बोलणे ठीकच आहे. शरीराच्या प्रांतात मात्र ते अर्धेच खरे आहे. निरोगी माणूस समोरून पाहिला तर त्याचा कणा सरळ दिसतो खरा, पण तोच बाजूने पाहावा, म्हणजे त्यात एकाखाली एक चार बाक आढळतात. मानेत आत वळलेला, छातीच्या मागे बाहेर आलेला, कमरेत पुन्हा आत वळलेला, आणि शेवटी त्रिकास्थीपाशी पुन्हा बाहेर आलेला. जन्माच्या वेळी कण्यात ३३ मणके असतात. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे ४. यांपैकी शेवटचे ९ पुढे एकजीव होतात, आणि वरचे २४ आयुष्यभर हलते राहतात.

हे चारही बाक आपण जन्माला येताना बरोबर आणीत नाही. नवजात अर्भकाचा कणा सबंध एकाच दिशेने वळलेला असतो. मूल मान धरू लागते तेव्हा मानेचा बाक दिसू लागतो, आणि ते बसू, उभे राहू, चालू लागते तसतसा कमरेचा बाक पडत जातो. दोन पायांवर उभे राहण्याचे मोल म्हणून मनुष्याने हा बाक कमावलेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या बाकाचा उपयोग काय? मराठीत ‘कमान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. देवळाच्या किंवा पुलाच्या कमानीला आपण कमान म्हणतो, आणि घड्याळातील किंवा टांग्याखालील स्प्रिंगलाही कमानच म्हणतो. कण्याच्या बाकाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. तो भार पेलतो आणि धक्काही सोसतो. परंतु याहून महत्त्वाचे त्याचे कार्य तिसरे आहे. गवंडी भिंत उभारताना ओळंबा सोडतो, तसा ओळंबा मानेच्या सर्वांत खालच्या मणक्यातून सोडला, तर निरोगी माणसात तो त्रिकास्थीच्या माथ्याच्या जवळपास उतरतो. म्हणजे धड आणि डोके कमरेच्या बरोबर वर तोललेले असते, आणि ते तोलून धरण्यास स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. छातीचा बाक धडाला पुढे नेतो, कमरेचा बाक त्याला मागे आणतो. हा जमाखर्च जमला की माणूस तासन्‌तास उभा राहू शकतो. कमरेचा बाक नाहीसा झाला की हिशेब तुटीत जातो.

आता मणके सांधण्याच्या शस्त्रक्रियेकडे वळू. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचीक गादी असते, आणि मागच्या बाजूस लहान सांधे असतात. क्षयाने मणका पोखरला जाणे, अपघातात तो मोडणे, एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरणे, कणा कडेला वाकडा होत जाणे, किंवा गादी व सांधे झिजून नसा दाबल्या जाणे, अशा काही निवडक प्रसंगी शल्यवैद्य दोन किंवा अधिक मणके हाडाने एकमेकांस कायमचे जोडून टाकतात. न्यूयॉर्क येथे १९११ साली रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोन शल्यवैद्यांनी स्वतंत्रपणे या शस्त्रक्रियेची वाट घालून दिली. अल्बी यांनी रोग्याच्याच नडगीच्या हाडाची पट्टी काढून ती पाठीच्या मणक्यांत बसविली. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हते, आणि क्षयाने खचलेल्या मणक्यांमुळे कुबड वाढत जाण्याचे भय फार मोठे होते. मणके एकदा जोडले की ते कुबड थांबेल, हा त्यामागील विचार. आज क्षयावर औषधे आहेत, आणि मणक्याच्या क्षयाचे बहुतेक रोगी औषधांनीच बरे होतात, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

हाड जुळून येईपर्यंत मणके जागच्या जागी धरून ठेवणे आवश्यक असते. पूर्वी त्यासाठी रोग्याला महिनोन्‌महिने प्लास्टरच्या कवचात निजवीत असत. हे काम धातूवर सोपविण्यात मोठे यश आले ते अमेरिकेतील ह्यूस्टन येथील डॉ. पॉल हॅरिंग्टन यांना. पोलिओच्या साथींनी पांगळी झालेली, स्नायू निकामी झाल्यामुळे कणा नागमोडी होत चाललेली मुले त्यांच्याकडे येत. त्यांनी पोलादाची एक सळई केली. तिच्या दोन्ही टोकांस आकडे होते आणि एका टोकास दाते पाडलेले होते. वाकड्या भागाच्या वर एक आणि खाली एक असे आकडे मणक्यांत अडकवावयाचे, आणि मोटारीचा जॅक चढवावा तशी सळई एकेक दात पुढे सरकवून दोन्ही टोके एकमेकांपासून दूर रेटावयाची. कडेचा वाक त्यामुळे सरळ होई. १९६२ साली त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि ही सळई जगभर गेली. जी मुले खुर्चीत कोलमडून बसली असती, ज्यांची फुप्फुसे दाबली गेली असती, अशा कित्येकांचे आयुष्य तिने सावरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली आपल्या देशासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित केला, त्यामुळे आजच्या तरुणांस त्या काळच्या या उपकाराची कल्पना येणे कठीण आहे. हॅरिंग्टन यांच्या कार्याविषयी पूर्ण आदर ठेवूनच पुढचे सांगत आहो.

ती सळई सरळ होती, आणि ती पाठीच्या मागच्या बाजूस बसत असे. आपण एक वाळ्याची पट्टी घ्या आणि तिला बाक द्या. बाकाच्या आतल्या अंगाची लांबी कमी आणि बाहेरच्या अंगाची जास्त होते. कमरेच्या बाकात मागची बाजू हे आतले अंग आहे. ते आखूड आहे म्हणूनच तेथे बाक आहे. आता या आखूड बाजूसच जॅक लावून ती लांबविली, तर काय होईल? बाक सपाट होईल. झालेही तसेच. सळई छातीपुरतीच असे तेव्हा फारसे बिघडत नसे, परंतु ती कमरेच्या खालच्या मणक्यांपर्यंत किंवा त्रिकास्थीपर्यंत नेली, तेव्हा कडेचा वाक गेला आणि त्याबरोबर कमरेचा नैसर्गिक बाकही गेला. शल्यवैद्यांच्या वाङ्मयात १९७३ पासून याची नोंद होऊ लागली, आणि पुढे या व्याधीला ‘सपाट पाठ’ अशा अर्थाचे नावच पडले.

सपाट पाठीचे दुःख समजून घेण्यासारखे आहे, कारण ते लगेच दिसत नाही. तरुणपणी शरीर त्याची भरपाई करते. धड पुढे झुकू लागले की माणूस नकळत कमरेचे हाड मागे फिरवितो, गुडघे किंचित वाकवितो, मान वर उचलतो, आणि नजर समोर ठेवतो. तिऱ्हाइतास काही उणे दिसत नाही. पण हे सारे स्नायूंच्या जोरावर चाललेले असते. सकाळी ठीक उभा राहणारा माणूस सायंकाळी पुढे झुकतो. ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक करणारी बाई थोड्याच वेळात कोपर टेकविते. सांधलेल्या भागाच्या वरखालची जी एक-दोन गाद्यांची जागा हलती राहिलेली असते, तिच्यावर जादा भार पडून ती झिजते. वीस-पंचवीस वर्षांनी भरपाईची शक्ती सरते, आणि मग ओळंबा पावलांच्या पुढे जाऊ लागतो. ज्या मुलीचा कणा लहानपणी ‘सरळ’ केला, ती चाळिशी-पन्नाशीत सरळ उभी राहू शकत नाही, असा हा विपरीत प्रकार होता.

येथे आकड्यांचा एक साधा हिशेब मांडतो. कमरेपासून मानेच्या तळापर्यंतची उंची सुमारे अर्धा मीटर धरा. कमरेत केवळ ५ अंशांचा बाक कमी झाला आणि शरीराने त्याची भरपाई केली नाही, तर वरचे टोक सुमारे साडेचार सेंटिमीटर पुढे जाते. १० अंश गेले तर पावणेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. पायथ्याशी झालेला चुकार फरक कळसाशी किती मोठा होतो, हे ओळंबा हाती धरणाऱ्यास सांगावयास नको.

यावर उपाय कसा निघाला? पहिली गोष्ट म्हणजे केवळ दोन टोकांस आकडे अडकविण्याऐवजी प्रत्येक मणक्यास धरण्याची युक्ती साधली. फ्रान्समधील रेमों रॉय-कामिय यांनी १९६३ पासून मणक्याच्या मागील खांबवजा भागातून आरपार पुढच्या शरीरापर्यंत स्क्रू घालण्यास आरंभ केला. मणका असा घट्ट पकडीत आला की त्याला केवळ मागेपुढे रेटता येते असे नव्हे, तर हवा तसा कलविताही येतो. दुसरी गोष्ट, फ्रान्समधीलच इव्ह कोत्रेल आणि झां द्युबूसे यांनी १९८४ च्या सुमारास पुढे आणली. त्यांनी सळई सरळ ठेवलीच नाही. कणा कडेला जसा वाकलेला असेल तसा बाक सळईला आधीच द्यावयाचा, ती बसवावयाची, आणि मग ती जागच्या जागी पाव फेरा फिरवावयाची. कडेला असलेला बाक त्यामुळे मागेपुढे वळतो. जो बाक व्याधी होता तोच जागा बदलून निरोगी बाक होतो. धातूकाम करणाऱ्यांनी कौतुक करावे अशीच ही कल्पना आहे.

तथापि एक प्रश्न उरलाच. बाक ठेवावयाचा म्हणजे किती? कोणा एका सरासरी माणसाचा बाक सर्वांना देऊन चालेल काय? या प्रश्नाचे उत्तर डॉ. जिनेट ड्युव्हाल-बोपेर आणि त्यांचे सहकारी यांच्या कार्यातून मिळाले. १९९८ साली त्यांनी दाखवून दिले की, प्रत्येक माणसाच्या कमरेच्या हाडात एक ठराविक कोन असतो. त्रिकास्थीच्या माथ्याचा कल आणि दोन्ही खुब्यांचे स्थान यांच्या परस्परसंबंधावरून तो मोजतात. वाढ पुरी झाल्यावर हा कोन जवळजवळ बदलत नाही. बसा, उठा, झुका, तो तोच राहतो. सरासरीने तो ५० अंशांच्या थोडा वर असतो, परंतु कोणाचा ३५ तर कोणाचा ८० च्या घरात जातो. ज्याचा हा कोन मोठा, त्याला तोल राखण्यास कमरेचा बाक अधिक खोल लागतो. ज्याचा लहान, त्याला कमी. कमरेचा बाक या कोनाच्या सुमारे दहा अंशांच्या आत असावा, असा एक ठोकताळा पुढे रूढ झाला. वृद्धांच्या बाबतीत तो सैल धरावा, असेही आता मानतात. तात्पर्य, जन्मजात ज्याला जसा पाया मिळाला, त्याला तसाच बाक शोभतो. घागरीचे तोंड आणि झाकण एकाच मापाचे लागते, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कमरेच्या एकंदर बाकापैकी सुमारे दोनतृतीयांश बाक सर्वांत खालच्या दोन गाद्यांच्या जागी असतो. बहुतेक सांधण याच जागी होते. तेव्हा वर कितीही कौशल्य दाखविले आणि या दोन जागा सपाट सांधल्या, तर काम फसलेच म्हणून समजावे. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला पालथा कसा निजवितात यावरही बरेच अवलंबून असते. खुबे पोटाशी दुमडून निजविला तर बाक कमी होतो आणि त्याच स्थितीत मणके सांधले जातात. पाय मागे ताणलेले ठेवले तर बाक टिकतो.

आता ज्या साधनावर आरेखनकाराची खरी परीक्षा होते, त्याकडे येऊ. त्याला ‘केज’ म्हणजे पिंजरा म्हणतात. खराब झालेली गादी काढून दोन मणक्यांच्या मध्ये हा पोकळ ठोकळा बसवितात, आणि त्याच्या पोटात हाडाचे तुकडे भरतात. कालांतराने हाड आरपार वाढून मणके एकजीव होतात. याचा उगम ऐकून आपणांस नवल वाटेल. शर्यतीच्या घोड्यांना मानेचे मणके नसांवर दाबले जाऊन पाय लटपटण्याचा एक रोग होतो. अमेरिकेतील डॉ. जॉर्ज बॅग्बी यांनी त्यासाठी पोलादाची छिद्रे पाडलेली नळी योजिली आणि घोडे त्यामुळे पुन्हा धावू लागले. त्यातून निघालेल्या, बाहेरून आटे पाडलेल्या टायटॅनियमच्या नळीस अमेरिकेत १९९६ साली मनुष्यासाठी परवानगी मिळाली. परंतु नळीचा व्यास पुढे व मागे सारखाच असतो, आणि कमरेच्या मणक्यांतील जागा पुढे उंच व मागे ठेंगणी अशी पाचरीच्या आकाराची असते. गोल नळीने मणके जुळले, पण बाक मिळाला नाही. म्हणून पुढे पिंजरे पाचरीच्या आकाराचे होऊ लागले.

पाचर म्हटले की काम सोपे वाटते. पण अडचण पाहा. पुढून मागे ३० मिलिमीटर लांबीच्या पिंजऱ्यात १० अंशांचा कल हवा असेल, तर त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा सुमारे सव्वापाच मिलिमीटर उंच असली पाहिजे. पाठीमागून शस्त्रक्रिया करताना हीच उंच कड सर्वांत आधी आत शिरते, आणि तीही ठेंगण्या दारातून, नसांच्या अगदी शेजारून. म्हणजे दारापेक्षा पाहुणा मोठा! यावर तीन वाटा निघाल्या. एक, पिंजऱ्याचे नाक निमुळते करून त्याला आडवा घालणे आणि आत गेल्यावर उभा करणे. दोन, ठेंगणा पिंजरा घालून आत गेल्यावर स्क्रूने त्याची पुढची बाजू उचलणे. तीन, पोटाच्या बाजूने जाऊन रुंद पाचर थेट समोरून बसविणे. या तिसऱ्या वाटेने २० अंश किंवा त्याहूनही अधिक कल देता येतो, पण मोठ्या रक्तवाहिन्या बाजूस साराव्या लागतात. प्रत्येक वाटेचा लाभ आहे आणि प्रत्येकीचे मोलही आहे. शिवाय पिंजऱ्यावर १० अंश कोरले म्हणून पाठीत १० अंश मिळतातच असे नाही. मागचे सांधे आखडलेले असले तर ते सैल करावे लागतात, नाही तर पाचर पुढे उंच असूनही मणका कलत नाही. पिंजरा पुढच्या कडेजवळ बसवून मागून मणके आवळले, तर तो पूर्ण काम देतो.

पिंजरा मणक्यात रुतून बसला तरी बाक जातो. मणक्याचा माथा मध्यभागी मऊ आणि काठाला कणखर असतो. हंड्याच्या काठाला पीळ दिला म्हणजे बळकटी येते, तसाच निसर्गाने हा काठ मजबूत केला आहे. म्हणून पिंजरा शक्य तितका रुंद करून काठावर टेकविणे श्रेयस्कर. धातूच्या निवडीतही विवेक लागतो. टायटॅनियमचा मिश्रधातू हाडाच्या कठीण भागापेक्षा सहा ते नऊ पट ताठर आहे. फार ताठर ठोकळा मऊ हाडात रुततो, आणि सगळा भार स्वतःच घेऊन हाडाला निष्क्रिय ठेवतो. हाड तर भार मिळाला तरच बळकट होते. पीक नावाचे एक कठीण प्लास्टिक हाडापेक्षाही कमी ताठर आहे, परंतु त्याला हाड नीट चिकटत नाही. टायटॅनियमला मात्र हाड उत्तम धरते. म्हणून अलीकडे टायटॅनियमची भुकटी किरणांनी थरावर थर वितळवून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सच्छिद्र पिंजरे तयार होतात. छिद्रांमुळे ताठरपणा कमी होतो आणि हाडाला आत शिरण्यास वाट मिळते. एकाच धातूत दोन्ही गुण साधण्याचा हा यत्न आहे.

सळईविषयी आपणांस अधिक सांगावयाची गरज नाही. मागून स्क्रूंना जोडणारी ही सळई बहुधा साडेपाच किंवा सहा मिलिमीटर जाडीची असते. शल्यवैद्य तिला हत्याराने वाकवून हवा तो बाक देतात. टायटॅनियम वाकविल्यावर पोलादाहून अधिक मागे सरतो, म्हणून थोडा जास्त बाक द्यावा लागतो. हत्याराच्या दाबाने पृष्ठभागावर खाच पडली, किंवा सळई एकदा वाकवून पुन्हा उलट वाकविली, तर तेथूनच ती पुढे तुटण्याची भीती असते. म्हणून रोग्याच्या चित्रावरून बाक आधीच ठरवून, कारखान्यातच त्या मापाची सळई तयार करून आणण्याची पद्धत आता रूढ होत आहे.

पण एक सत्य कोणत्याही धातूला चुकत नाही. तार पुन्हापुन्हा हलविली की तुटते. माणूस दिवसास पाच हजार पावले चालला, तर वर्षाला अठरा लाखांवर पावले होतात. प्रत्येक पावलागणिक सळईवर थोडा ताण पडतो. हाड वेळेवर जुळले तर तो भार हाड उचलते. न जुळले, तर जगातील कोणतीही सळई आज ना उद्या तुटणारच. रोपण हे हाडाचे काम संपेपर्यंतचा टेकू आहे. तंबाखू आणि धूम्रपान हाड जुळण्यास अपाय करतात, ही गोष्ट या दृष्टीने आपल्या पुरुषवर्गाने ध्यानात घ्यावी.

आता आपल्या घरांपुरते थोडे बोलतो. आपण अजून पंक्तीला मांडी घालून बसतो, पूजेला पाटावर बसतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. जमिनीवर बसताना कमरेचा बाक आपोआप सपाट होतो, आणि उठताच परत येतो. मणके सांधल्यावर ही ये-जा त्या भागात थांबते. उभे राहण्यासाठी योग्य असा बाक सांधला, तर जमिनीवर बसणे अवघड जाऊ शकते. बसण्याच्या सोयीसाठी बाक कमी ठेवला, तर उभे राहणे कष्टाचे होते. दोहोंत उभे राहणे आणि चालणे यांस प्रथम मान द्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. पाटाऐवजी चौरंग किंवा खुर्ची घेता येते. ओळंबा ढळलेल्या पाठीला मात्र दुसरी पाठ मिळत नाही. परंतु ही गोष्ट रोग्याला आधी माहीत असली पाहिजे, आणि घरच्यांनी त्याला पंक्तीत वेगळे बसावे लागले म्हणून खंतावू देता कामा नये.

ज्या कुटुंबात अशा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, त्यांस आमची नम्र सूचना अशी. पहिले, पाठदुखीच्या बहुतेक रोग्यांना शस्त्रक्रियेची गरजच नसते, तेव्हा दुसऱ्या जाणत्या शल्यवैद्याचे मत घेण्यात संकोच धरू नये. दुसरे, अनेक मणके सांधावयाचे असतील, तर केवळ कमरेच्या चित्रावर समाधान न मानता, उभे राहून मानेपासून खुब्यांपर्यंतचे बाजूचे क्ष-किरण चित्र काढले आहे काय, हे विचारावे. तिसरे, ‘माझा बाक किती असावयास हवा, आज किती आहे, आणि आपण किती राखणार?’ हा प्रश्न निःसंकोच विचारावा. चांगला शल्यवैद्य या प्रश्नाने रागावत नाही. चौथे, कोणते रोपण बसविले याचा कागद जपून ठेवावा. आणि ज्यांच्या पाठीत जुनी सरळ सळई आहे, त्यांनी पुढे झुकणे हे निव्वळ वयाचे लक्षण समजून सोसत बसू नये. मणक्यातून पाचरीसारखा तुकडा काढून बाक परत देण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. त्या मोठ्या आणि जोखमीच्या आहेत हे खरे, पण निदान तपासणी तरी अवश्य करावी.

शेवटची गोष्ट थोडी कटू आहे, पण ज्ञातीच्या मेळाव्यात ती सांगितली नाही तर कोठे सांगावी? मुलगी वाढीच्या वयात असताना तिचा एक खांदा वर दिसतो, वेणी घालताना आईच्या लक्षात येते की एका बाजूची पाठ उंच आहे. मुलगी वाकली म्हणजे ते अधिक स्पष्ट होते. अशा वेळी ‘लग्नात अडचण येईल’ म्हणून कित्येक घरांत ती गोष्ट झाकली जाते. झाकल्याने कणा थांबत नाही. वाढीच्या वयातच तो झपाट्याने वाकतो. पट्टा वेळेवर वापरल्याने किती फरक पडतो, याचा अमेरिका व कॅनडात अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या टोकापर्यंत न जाता वाढ पुरी झालेल्या मुलांचे प्रमाण पट्टा वापरणाऱ्यांत ७२ टक्के, तर न वापरणाऱ्यांत ४८ टक्के आढळले. म्हणजे जी दोन वर्षे आपण लाजेपायी दवडतो, तीच उपयोगाची असतात. आमच्या हाताखालून गेलेले उत्तमातले उत्तम रोपण त्या गेलेल्या दोन वर्षांची बरोबरी करू शकत नाही. वधू-वर मेळाव्याची नोंदवही ठेवणाऱ्या आपल्या संस्थेनेच उद्या शाळकरी मुलामुलींच्या पाठींची तपासणी योजिली, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

बंधुभगिनींनो, आपल्या वाडवडिलांनी पत्रा घेतला तो त्याचा धर्म ओळखून. तांब्याला जेथे वळावयाचे नाही तेथे त्यांनी त्याला बळेच वळविले नाही, आणि जेथे गोलाई हवी तेथे चपटेपणा खपवून घेतला नाही. मनुष्याच्या कण्याशी वागताना हीच रीत हवी. ज्याचा जो बाक, तो मोजून, मान देऊन राखावा, आणि धातूने त्याच्यापुढे आपला हट्ट सोडावा.